वाचकांचे प्रश्न : किडीची घाई आणि किडीची विश्रांती

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. किडींची पैदास कधी भराभर होते, कधी अचानक थांबते, आणि यामागे 'हवामान' असते म्हणजे नेमके काय असते? हवामान या एका शब्दात आपण ऊन, थंडी, पाऊस, ढग आणि दिवसाची लांबी असे सगळेच बांधून टाकतो; कीटकाच्या शरीराला मात्र यांतली प्रत्येक गोष्ट वेगळी कळते. तापमानावरून त्याच्या वाढीचा वेग ठरतो आणि दिनमानावरून, म्हणजे दिवसाच्या लांबीवरून, वर्षातला कोणता काळ चालू आहे हे त्याला समजते. या दोहोंची गल्लत झाली की अंदाज चुकतात, म्हणून या वेळी निवडलेली सर्व पत्रे याच विषयाची आहेत.

प्रश्न : मागील हंगामात पहिली अळी ज्या आठवड्यात दिसली, त्यावरून मी या वर्षी फवारणीची तारीख ठरवली होती. प्रत्यक्षात या वर्षी अळ्या सुमारे दोन आठवडे आधीच मोठ्या झालेल्या आढळल्या. एकाच जातीची कीड एका वर्षी लवकर आणि दुसऱ्या वर्षी उशिरा का वाढते?

उत्तर : आपण तारखेवर विसंबलात आणि कीड तारीख पाळत नाही, एवढेच इथे घडले आहे. माणसाचे शरीर आतून ठरावीक उष्ण राहते. कीटकाचे तसे नसते. भोवतालची हवा, पान किंवा माती जितकी उबदार, जवळपास तितकेच त्याचे शरीर उबदार असते. अंड्यातील गर्भाची वाढ, अळीचे खाणे आणि कात टाकणे, कोषात पतंगाची घडण होणे, मादीच्या अंडाशयात अंडी पक्व होणे या सगळ्या क्रिया त्या उष्णतेच्या मानाने जलद किंवा मंद चालतात. प्रत्येक जातीची एक खालची मर्यादा असते, जिच्याखाली वाढ जवळजवळ थांबते. तिला उंबरठा तापमान म्हणतात. मावा किडीच्या अनेक जातींत हा उंबरठा ४ ते ६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, पुष्कळ पतंगवर्गीय किडींत तो १० ते १२ अंशांच्या आसपास असतो, तर पिठातील तांबड्या भुंगेऱ्याची पैदास २० अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट सुरूच होत नाही.

उंबरठ्याच्या वर जितके अंश मिळतील तितके किडीच्या खात्यात जमा होतात, आणि ठरावीक बेरीज झाली की एक पिढी पूर्ण होते. या बेरजेला अंश-दिवस म्हणतात. उष्णतेची अशी बेरीज मांडण्याची कल्पना फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्युर यांनी १७३५ मध्ये वनस्पतींच्या संदर्भात मांडली होती, आणि आजही कीड-अंदाजाची बहुतेक गणिते तिच्यावरच उभी आहेत. हिशोब साधा आहे. दिवसाचे कमाल तापमान ३२ आणि किमान १८ अंश असेल तर सरासरी २५ येते. उंबरठा १० अंशांचा असेल तर त्या दिवशी १५ अंश-दिवस जमा झाले. समजा, एखाद्या किडीला अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत ४५० अंश-दिवस लागतात. सरासरी तापमान २० अंश राहिले तर रोज १० जमा होतील आणि पिढीला ४५ दिवस लागतील. सरासरी २५ अंश राहिली तर रोज १५ जमा होऊन तीच पिढी ३० दिवसांत पुरी होईल. आपल्याला पडलेला दोन आठवड्यांचा फरक असाच पडतो. सरासरी केवळ दोन अंशांनी वाढून २२ झाली तरी पिढी आठवडाभराने अलीकडे येते, आणि दोन अंशांचा फरक आपल्या अंगाला फारसा जाणवतसुद्धा नाही.

याचा खरा परिणाम पुढे दिसतो. १३५ दिवसांच्या हंगामात वरच्या उदाहरणातली कीड २० अंशांना तीन पिढ्या पूर्ण करील आणि २५ अंशांना चार पूर्ण करून पाचवीच्या अर्ध्यावर असेल. प्रत्येक मादीमागे पुढच्या पिढीत अंडी घालू शकणाऱ्या दहा माद्या उरल्या असे धरले, तर तीन पिढ्यांअखेर एका मादीच्या हजार आणि चार पिढ्यांअखेर दहा हजार होतात. चक्रवाढ व्याजाचा हा हिशोब आहे, आणि हंगामाच्या शेवटी 'कीड अचानक फुटली' असे जे आपण म्हणतो, त्यात अचानक असे बहुधा काही नसते. शेवटची एक पिढी जास्तीची झालेली असते.

मोजणी कुठून सुरू करायची हेही महत्त्वाचे आहे. सफरचंदातील कॉडलिंग पतंगाच्या बाबतीत कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग नियमितपणे सापडू लागले की तो दिवस शून्य मानतात आणि तिथून १० अंशांच्या वरचे सुमारे १४० अंश-दिवस जमले की पहिली अंडी उबू लागतील असे धरतात. सापळा आणि तापमापक अशी दोन साधने असली की तारखेचा अंदाज बांधता येतो. केवळ मागच्या वर्षाच्या वहीवरून तो बांधता येत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. किमान तापमान उंबरठ्याच्या खाली जात असेल तर साधी सरासरी फसवते. कमाल २० आणि किमान २ अंश असलेल्या दिवशी सरासरी ११ येऊन एकच अंश-दिवस दिसतो, परंतु दुपारच्या उबदार तासांत किडीने त्याहून बरेच जास्त कमावलेले असते. अशा काळात तासागणिक नोंदी घेणे चांगले.

प्रश्न : मग ऊन जितके वाढेल तितकी कीड वाढेल, असे समजायचे का? आमच्या अनुभवात कडक उन्हाळ्यात काही किडी उलट कमी होतात.

उत्तर : आपला अनुभव बरोबर आहे. उंबरठ्यापासून वर जाताना वाढीचा वेग चढत जातो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि नंतर एकदम कोसळतो. चढण लांब आणि सावकाश असते. उतार मात्र कड्यासारखा असतो. एखाद्या किडीला ३० अंश सर्वांत मानवत असतील तर २६ अंशांना तिचे फारसे बिघडत नाही, पण ३६ अंशांना तिची गाडी पार अडू शकते.

शिवाय वाढीचा वेग आणि पैदास या दोन गोष्टी एकाच तापमानाला शिखरावर नसतात. जास्त उष्णतेत वाढलेली अळी लवकर कोषात जाते खरी, पण तिला वजन भरायला वेळ मिळत नाही. तिच्यापासून निघणारी मादी आकाराने लहान, अल्पायुषी आणि कमी अंडी घालणारी निघते. म्हणून पिढी झटपट झाली तरी पिढीमागची भर घटलेली असू शकते, आणि किडीची एकूण वाढ ठरवताना या दोहोंचा गुणाकार पाहावा लागतो.

उष्णतेचा सर्वांत मोठा आघात अनेकदा नरावर होतो, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. प्रयोगशाळांत नेहमी पाळल्या जाणाऱ्या ड्रोसोफिला या बारक्या माशीचे नर ३० अंशांच्या आसपास वाढवले तर जगतात, उडतात, पण त्यांना संतती होत नाही. पिठातील तांबड्या भुंगेऱ्यावरचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. ३५ अंश मानवणारे हे भुंगेरे पाच दिवस ४२ अंशांना ठेवले असता नरांपासून होणारी संतती निम्म्यावर आली, आणि दुसरी तशीच लाट आल्यावर ते जवळजवळ वांझ झाले. माद्यांच्या स्वतःच्या प्रजननक्षमतेवर तेवढा परिणाम दिसला नाही, मात्र त्यांच्या शरीरात आधी साठवलेले शुक्राणू उष्णतेने बिघडले. शेतात जिवंत किडी दिसत असूनही पुढची पिढी विरळ का आली, याचे उत्तर कधीकधी इथे सापडते.

प्रश्न : दिवस लहान झाला हे एवढ्याशा किड्याला कळते कसे? आणि कळण्याची गरजच काय? थंडी पडली की तो आपोआप थांबणारच ना?

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण सगळा विषय तिच्यातच दडलेला आहे. थंडीने कीटक मंदावतो आणि ऊब आली की पुन्हा हालचाल करू लागतो, ही झाली साधी सुस्ती. सुप्तावस्था ही याहून वेगळी, आतून ठरवलेली अवस्था आहे. तिच्यात जाण्यापूर्वी कीटक चरबी साठवतो, सुरक्षित जागा शोधतो, काही जाती जाड कोश विणतात; शरीरातील संप्रेरकांचा प्रवाह बदलतो आणि वाढ किंवा प्रजनन मध्येच थांबवले जाते. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्याचे प्रौढ दिवस लहान होताच अंडी घालणे थांबवून जमिनीत पुरून घेतात आणि त्यांचे उडण्याचे स्नायूसुद्धा झिजून जातात. अशी तयारी करायला काही आठवडे लागतात. कडाक्याची थंडी प्रत्यक्ष पडेपर्यंत थांबलेला कीटक अर्धवट वाढलेल्या, चरबी नसलेल्या अवस्थेत पकडला जाऊन मरेल.

म्हणून त्याला आधी सूचना हवी, आणि तापमान ही सूचना विश्वासार्हपणे देऊ शकत नाही. शरद ऋतूत एखादा आठवडा उन्हाळ्यासारखा तापतो, वसंतात एखादी रात्र गोठवते. दिनमान मात्र पृथ्वीच्या प्रदक्षिणेने ठरते आणि एका ठिकाणी एका तारखेला दरवर्षी तेवढेच असते. लक्षावधी पिढ्यांच्या निवडीतून कीटकांनी या एकमेव न चुकणाऱ्या खुणेवर भिस्त ठेवली, यात नवल नाही.

दिनमानाचा वनस्पतींच्या फुलण्याशी असलेला संबंध गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवून दिला. त्यानंतर लवकरच, १९२३ मध्ये, मार्कोविच यांनी स्ट्रॉबेरीच्या मुळांवरील माव्यावर काम करताना झाडे रोज काही तास झाकून दिवस कृत्रिमरीत्या लहान केला, तेव्हा एरवी शरद ऋतूतच दिसणारे नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या त्यांना ऋतूच्या आधीच मिळाल्या. पुढे १९३३ मध्ये कोगुरे यांनी रेशीमकिड्याविषयी जे सिद्ध केले ते मला आजही विलक्षण वाटते. वर्षातून दोन पिढ्या होणाऱ्या रेशीमकिड्याची मादी स्वतः अंड्यात असताना तिला मोठे दिवस आणि २५ अंशांची ऊब मिळाली, तर मोठी झाल्यावर ती सुप्तावस्थेत जाणारी अंडी घालते. १५ अंश आणि लहान दिवस किंवा अंधार मिळाला, तर तिची अंडी न थांबता उबतात. म्हणजे मुलांचा निर्णय आई स्वतः अंड्यात असतानाच झालेला असतो. रेशीमकिडा कीड नव्हे, तरीही हे उदाहरण दिले, कारण त्यातून एक मूलभूत गोष्ट कळते : जी अवस्था सूचना वाचते आणि जी अवस्था झोपी जाते, त्या बहुधा वेगळ्या असतात. आज कोष झोपलेला दिसत असेल तर त्याचे कारण आजच्या हवेत शोधू नये. तो अळी असताना कोणते दिवस पाहत होता ते शोधावे.

मोजणीविषयी सांगायचे तर कित्येक कीटक दिवसापेक्षा रात्रीची लांबी मोजतात. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला तर त्यांना ती एक लांब रात्र न वाटता दोन लहान रात्री वाटतात, आणि दिवस तेवढाच लहान राहूनही सुप्तावस्था टळते. लीस या ब्रिटिश संशोधकांनी मेगौरा नावाच्या माव्यावर १९६० च्या दशकात अतिशय बारीक प्रकाशझोत टाकून पाहिले. डोळ्यांपेक्षा डोक्याच्या वरच्या मध्यभागावर पडलेला प्रकाश अधिक परिणामकारक ठरला. म्हणजे प्रकाश पातळ कवचातून थेट मेंदूपर्यंत पोहोचत होता. याच माव्यात १५ अंश तापमानाला निर्णायक दिनमान १४ तास ५५ मिनिटांचे आढळले. दिवस यापेक्षा मोठा असला की माद्या पिल्ले देणाऱ्या संततीला जन्म देतात, आणि लहान झाला की अंडी घालणाऱ्या संततीला. टाचणीच्या टोकाएवढ्या मेंदूत इतके काटेकोर मोजमाप चालते.

निर्णायक दिनमान जातीनुसार आणि स्थानानुसारही बदलते. दानिलेव्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी एकाच जातीचे पतंग वेगवेगळ्या अक्षांशांवरून आणून पाहिले, तेव्हा उत्तरेकडे दर ५ अंश अक्षांशामागे त्यांचे निर्णायक दिनमान सुमारे दीड तासाने वाढत गेलेले आढळले. उत्तरेत थंडी लवकर येते, त्यामुळे दिवस बराच मोठा असतानाच तिथल्या पतंगांना सुप्तावस्थेची तयारी करावी लागते. म्हणूनच दुसऱ्या प्रदेशासाठी तयार केलेली वेळापत्रके जशीच्या तशी उचलू नयेत. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती अशी की कीटकांना फार मंद प्रकाशही पुरतो. पहाटेचा आणि सायंकाळचा संधिप्रकाश ते दिवसातच धरतात, त्यामुळे सूर्योदय-सूर्यास्ताच्या कोष्टकापेक्षा त्यांचा दिवस मोठा असतो.

प्रश्न : वसंतातही दिवस शरदाइतकेच लहान असतात. मग वसंतात किडी का झोपत नाहीत?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. बहुतेक जातींत सूचना वाचणारी अवस्था वसंतात अस्तित्वातच नसते. कीटक तेव्हा सुप्तावस्थेत किंवा तिच्यातून बाहेर पडण्याच्या बेतात असतो. माव्यात तर याहून चतुर योजना आहे. हिवाळी अंड्यातून निघालेल्या मादीच्या वंशात पहिल्या काही पिढ्या लहान दिवसांकडे लक्षच देत नाहीत, आणि बराच काळ लोटल्यावरच त्यांच्यात ती संवेदना जागी होते. सुप्तावस्था मोडण्यासाठी अनेक कीटकांना आधी काही आठवड्यांची थंडी भोगावी लागते, हेही इथे लक्षात घ्यावे. ती न मिळाल्यास ऊब येऊनही ते उठत नाहीत, किंवा एकेकटे, विस्कळीतपणे उठतात.

प्रश्न : माव्याची संख्या एका आठवड्यात इतकी कशी वाढते? त्यात नर कधी दिसतच नाहीत, हे खरे का?

उत्तर : उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत खरे आहे. भिंगाखाली एखादी पोसलेली मादी धरून पाहा. ती पानात सोंड रुतवून रस शोषत असते आणि त्याच वेळी तिच्या शरीराच्या मागच्या टोकातून एक फिकट, ओलसर पिल्लू मागच्या बाजूने बाहेर येत असते. त्याचे पाय अंगाशी घडी घातलेले असतात, मग एकेक पाय सुटतो, ते पानाला टेकते आणि थोड्याच वेळात आईच्या शेजारी सोंड रुतवते. आईने खाणे थांबवलेले नसते. नराची गरज नाही, अंडे घालून वाट पाहणे नाही, आणि जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. मानवणाऱ्या तापमानाला अशी पिढी साधारण एका आठवड्यात पूर्ण होते. दिवस लहान आणि हवा थंड झाली की हाच मावा नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या निर्माण करतो, त्यांचे मीलन होते आणि काटक हिवाळी अंडी झाडावर राहतात. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे मात्र अनेक जाती हा टप्पाच गाळतात आणि वर्षभर बिननराची पैदास चालू ठेवतात, त्यामुळे वसंतात त्यांची सुरुवात आधीपासूनच मोठ्या संख्येने होते.

प्रश्न : जमिनीत सापडलेला घाटेअळीचा कोष झोपलेला आहे की लवकरच त्यातून पतंग निघणार आहे, हे ओळखता येते का? गुलाबी बोंडअळीच्या बाबतीतही हेच विचारायचे आहे.

उत्तर : घाटेअळीच्या कोषाबाबत ओळखता येते. कोष ताजा असताना त्याच्या डोक्याच्या बाजूला, डोळ्याच्या जागेजवळ, बारीक काळ्या ठिपक्यांची एक रांग दिसते. कोषात वाढ चालू असेल तर हे ठिपके काही दिवसांतच जागा सोडून पुसट होऊन नाहीसे होतात. सुप्तावस्थेतील कोषात ते आठवडेच्या आठवडे जिथल्या तिथे राहतात. साध्या भिंगाने हे दिसते. कोष दोन-तीनदा, काही दिवसांच्या अंतराने पाहावा लागतो इतकेच. ही सुप्तावस्था अळीने लहान दिवस आणि उतरते तापमान पाहिल्याने लागते. दिवस लहान असूनही हवा उबदार राहिली तर बऱ्याच अळ्या झोपण्याचे टाळतात. तापमान आणि दिनमान यांत ओढाताण झाली की उष्णता पारडे झुकवते, हा अनुभव इतरही अनेक किडींत येतो.

गुलाबी बोंडअळी कोष होण्याआधीच, पूर्ण वाढलेल्या अळीच्या अवस्थेत झोपते. दिवस सुमारे १३ तासांहून लहान झाले, रात्री गार झाल्या आणि खायला जुनी, तेलकट सरकी मिळाली की हंगामाच्या शेवटच्या अळ्या बाहेर पडून कोषात जाण्याऐवजी बोंडातच राहतात. अशी अळी शेजारच्या दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून आतल्या पोकळीत गोळा होऊन बसते. जुन्या बोंडातल्या या जोडसरक्या नखाने उकलून पाहाव्यात. आत न हलणारी गुलाबी अळी सापडते. काही अळ्या वर्षाहून अधिक काळ अशा राहिल्याच्या नोंदी आहेत. इथेच उपायाची जागाही आहे. झोपणाऱ्या अळ्या प्रामुख्याने उशिराच्या बोंडांत तयार होत असल्याने पीक वेळेवर संपवले आणि अवशेष नष्ट केले तर पुढच्या हंगामाचे बीजच घटते. पुढील वर्षी कपाशीला पाते आणि बोंडे येण्यापूर्वी जे पतंग बाहेर पडतात त्यांच्या अळ्यांना खायला काही नसते आणि त्यांची पैदास वाया जाते, त्यामुळे लागवडीची वेळ एकमेकांशी जुळवून घेणाऱ्या शेतकऱ्यांना हा लाभ आपोआप मिळतो.

प्रश्न : रस्त्यावरील दिव्यांचा किडींच्या झोपेवर परिणाम होतो का?

उत्तर : होतो. रात्र मोजणाऱ्या जिवाला मंद प्रकाशही पुरतो, हे वर आलेच आहे. क्यूलेक्स डासांच्या माद्या रात्रीच्या कृत्रिम प्रकाशात हिवाळी सुप्तावस्था टाळून रक्त शोषत राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. काचगृहात हाच परिणाम उपयोगी पडतो : फुलकिडे खाणारे ओरियस ढेकूण लहान दिवसांत अंडी घालणे थांबवतात, म्हणून हिवाळ्यात जादा प्रकाश देऊन त्यांना कामाला लावता येते. दिवे लावून शेतातल्या किडीलाच झोपू न देता थंडीत मारावे, हाही विचार शास्त्रज्ञांनी केला. मोठ्या क्षेत्रावर तो रूढ झाला नाही.

प्रश्न : साठवणीतील धान्याला लागणाऱ्या किडींना दिवस-रात्र कळते का?

उत्तर : अंधाऱ्या कोठारात दिनमानाला फारसा अर्थ उरत नाही, तिथे तापमान आणि धान्याचा ओलावा यांचेच राज्य असते. धान्य १५ अंशांच्या खाली ठेवता आले तर बहुतेक किडींची पैदास थांबते आणि ६० अंशांना त्या काही मिनिटांत मरतात. ढिगातल्या किडी स्वतःच्या श्वसनाने उष्णता निर्माण करतात, म्हणून ढीग आतून गरम लागला तर बाहेरच्या थंडीवर भरवसा ठेवू नये. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्यांची सुप्तावस्था मात्र गर्दी आणि उपासमारीने लागते, आणि ती वर्षानुवर्षे टिकू शकते.

प्रश्न : पृथ्वी तापत आहे, पण दिवसाची लांबी तीच आहे. यातून किडींचे काय होईल?

उत्तर : ज्या दोन खुणा हजारो वर्षे एकमेकींशी जुळलेल्या होत्या त्यांची फारकत होत आहे. सप्टेंबरातल्या ठरावीक तारखेला जे दिनमान पूर्वी 'थंडी जवळ आली' असे सांगत होते, तेच दिनमान आता 'अजून महिनाभर ऊब आहे' अशा हवेत येते. दिनमानावर काटेकोर चालणारी कीड हा उबदार काळ वाया घालवते. ज्या वंशात थोड्या लहान दिवसांना प्रतिसाद देणारे जीव असतात तो वंश पुढे जातो. ब्रॅडशॉ आणि होल्झॅपफेल यांनी घटपर्णीत वाढणाऱ्या एका डासावर केलेले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले काम याचा प्रत्यक्ष पुरावा देते. १९७२ ते १९९६ या काळात सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावरील या डासांची सुप्तावस्था सुमारे ९ दिवस उशिरा सुरू होऊ लागली, आणि हा बदल अनुवंशिक होता. उलट बाजूही आहे. दिवस अजून मोठा आणि हवा उबदार म्हणून एखादी कीड जादा पिढी सुरू करते आणि ती पूर्ण होण्याआधीच थंडी येते. तेव्हा ती पिढी सबंध बुडते.

तांदूळ, मका आणि गहू यांच्यावरील २०१८ च्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला गेला की पृथ्वीच्या सरासरी तापमानात दर एक अंश वाढीमागे किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल. ही वाढ समशीतोष्ण प्रदेशांत सर्वाधिक अपेक्षित आहे, कारण तिथल्या किडी आज शिखराच्या खालच्या चढणीवर आहेत. उष्ण कटिबंधातल्या अनेक जाती शिखराजवळच असल्याने अधिक उष्णतेचा त्यांना त्रासच होऊ शकतो. मला स्वतःला याहून अधिक काळजी मित्रकीटकांची वाटते. माव्याचा उंबरठा ५ अंशांजवळ आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांचा १० अंशांच्या वर, यामुळे थंड वसंतात मावा आधीच पुढे निघून जातो. परजीवी गांधीलमाशीला यजमान अळी ठरावीक वयातच लागते. किडीचे आणि शत्रूचे घड्याळ वेगवेगळ्या प्रमाणात पुढे-मागे झाले, तर दोघेही जिवंत असून त्यांची गाठच पडणार नाही.

प्रश्न : केवळ दिनमानावरून फवारणीची तारीख ठरवल्याचे एखादे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे. ऑस्ट्रेलियात पिकांना उपद्रव देणारा लाल पायांचा भू-कोळी हा कीटक नसून अष्टपाद आहे, पण उदाहरण चपखल आहे. वसंत संपताना त्याच्या माद्या कडक कवचाची, उन्हाळाभर झोपून राहणारी अंडी घालू लागतात, आणि एकदा ती तयार झाली की त्यांच्यावर फवारणीचा इलाज चालत नाही. हा बदल मुख्यत्वे वाढत्या दिनमानावर ठरतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणासाठी, झोपणारी अंडी पडण्याच्या जरा आधीची एक तारीख काढता येते आणि ती वर्षानुवर्षे तीच राहते. वसंतातल्या त्या एका वेळच्या फवारणीने पुढील शरदातील कोळी मोठ्या प्रमाणात कमी होतात. पहिल्या पत्रातील वाचकांनी वहीतली तारीख पाहून घेतलेला निर्णय इथे बरोबर ठरला असता. आपल्या पिकावरची कीड यांपैकी कोणत्या गटातली आहे, उष्णता मोजणाऱ्या की दिवस मोजणाऱ्या, याची चौकशी करून पुन्हा अवश्य लिहावे. पत्रासोबत कमाल-किमान तापमानाच्या नोंदी आणि सापळ्यात पहिले पतंग दिसल्याचा दिवस कळवल्यास उत्तर अधिक नेमके देता येईल.